खड्ड्यातल्या विटा

मुरमाचा ट्रॅक्टर बुधवारी यायचा होता.
त्याआधी मी खड्डा मोजला, उगाच,
न मोजता काही बुजवू नये म्हणून.
टेप खाली सोडला. तीस इंच.
आणि तळाशी, मातीत रुतलेल्या,
शेजारी शेजारी दोन विटा.

वडगावच्या या खोलीत हातमाग होता,
नागोजीच्या पायांच्या मापाचा.
तेव्हा खड्डा असाच खणायचे:
विणणाऱ्याला काठावर बसवायचं, पाय खाली सोडायला सांगायचं,
टाच जिथं टेकेल तिथं कुदळ थांबवायची.
म्हणजे आमच्या घरातला हा सगळ्यात जुना कागद,
आणि त्यावर एकच नोंद:
माणूस उंच होता.

धाकटा सातेरी गेला गोकाकच्या धबधब्यावर, गिरणीत.
हाताच्या लुगड्याला गिऱ्हाईक
आठवड्याचं महिन्यावर आलं त्या साली.
तिथं पगार रोख. पाऊस पडो न पडो, रोख.
पहिल्या वर्षात त्यानं घेतलं:
एक कंदील, एक छत्री, चहाची किटली,
आणि साखळीचं घड्याळ,
जे भोंगा असताना कुणालाच लागत नव्हतं.
लगमव्वा रिळांच्या खात्यात लागली.
तिचे पैसे तिच्या मुठीत आले,
त्यातले थोडे ती उतरंडीच्या तिसऱ्या मडक्यात ठेवी,
कुणाला न सांगता.
हे कुणी मोजलं नाही, पण मी इथं लिहितो.

वडगावात म्हैस होती.
नाचणीची आंबील, हुलग्याचं माडगं,
ताक तर मागणाऱ्यालाही.
चाळीत दूध चमच्यानं यायचं, चहापुरतं.
भाकरी भिजवायला तोच चहा.
पण वडगावात सहातली तीन पोरं जगली
आणि चाळीत पाचातली चार.
आता करा हिशेब.

भुजंग, सातेरीचा थोरला,
दहाव्या वर्षी बॉबिनच्या टोपल्या उचलायला लागला.
केसांत, भुवयांत, नाकात कापूस.
आई म्हणायची, माझं पोर म्हातारं होऊनच घरी येतं
आणि तोंड धुतलं की परत लहान.
अठराव्या वर्षी तो कॅम्पात भरतीला उभा राहिला.
छाती भरली. दात भरले.
वरून लाकडी दांडी खाली आली
आणि थांबली.
दांडी नि डोकं यांच्यात
दोन बोटांची फट.
हवालदारानं नावापुढे काट मारली,
मागच्याला हाक मारली.

मग संप झाला, गिरणीला कुलूप लागलं,
भुजंग काकाच्या दारात आला, छत्री घेऊन.
नागोजी म्हणाला, बस मागावर.
तो बसला. पाय सोडले.
पाय लोंबकळत राहिले,
जत्रेतल्या पाळण्यात पोरांचे राहतात तसे.

"पाय पोचंनात की गा तुझे," म्हातारा म्हणाला.
आणखी काही म्हणाला नाही.
परड्यात गेला, दोन विटा घेऊन आला,
खड्ड्यात वाकून स्वतःच्या हातानं बसवल्या,
पावड्यांच्या दोऱ्या आखडून बांधल्या.
संध्याकाळपर्यंत वीतभर कापड निघालं.
वाकडं होतं म्हणतात.

लग्नाकार्यात अजून वाद होतो आमच्यात.
गिरणीनं आपल्याला माणसात आणलं, एक चुलते सांगतात,
खिशातून तेच घड्याळ काढून.
ते बंद आहे, पण साखळी चांगली आहे.
आत्या पानात बघत बसते.
मग ताक वाढणारा येतो.

बुधवारी गवंडी खड्ड्यात उतरला,
वर बघून म्हणाला, "इट्टिगी तगीलेन्री?"
काढू का नको, मला सुचेना.
चपला काढून मीच काठावर बसलो.
टाचा विटांवर टेकल्या
आणि गुडघे थेट छातीशी आले.
एक वीट उचलून उजेडात धरली.
वरची कड झिजून खोलगट झाली होती,
टाचेएवढी,
लहान टाचेएवढी.

ट्रॅक्टरवाला बाहेर हॉर्न देत होता.